शुद्धीत असतानाच घराची व्यवस्था

(प्रौढांच्या शास्त्रवर्गासाठी अभ्यासपाठ)

शास्त्रपाठ: उत्पत्ती २४:१-९, २७:१-२९, ४७:२९-३१, १ राजे १:१-४०, यिर्मया ३२:६-१५, योहान १९:२५-२७.

पाठाचा हेतू: आजारात किंवा वार्धक्यात आपली समज हरपली तर आपल्या वतीने कोणी व कोणत्या अधिकाराने बोलावे, ह्याची तजवीज वेळेवर करणे हा विश्वासू कारभाराचाच भाग आहे, हे समजून घेणे.



हिज्कीया राजा आजारी पडला तेव्हा यशया संदेष्ट्याने त्याला घराची व्यवस्था लावण्यास सांगितले (यशया ३८:१). हा निरोप आपण मरणाच्या तयारीचा समजतो, आणि तो तसा आहेही. परंतु आज औषधोपचारांमुळे आयुष्य लांबले आहे आणि पुष्कळांच्या बाबतीत मरणाच्या आधी आणखी एक काळ येतो. पक्षाघाताचा झटका, मेंदूला झालेली इजा किंवा स्मृतिभ्रंश ह्यांमुळे देह जगतो पण समज जाते. मनुष्य घरात असतो, परंतु त्याला सही करता येत नाही, पैसे मोजता येत नाहीत, डॉक्टरांना हो किंवा नाही सांगता येत नाही. प्रभूने पेत्राला म्हातारपणी दुसऱ्याच्या हाती जाण्याविषयी जे सांगितले (योहान २१:१८) ते योहानाने पेत्राच्या मरणास लावले आहे. तरी परस्वाधीन झालेल्या मनुष्याचे ते चित्र आपल्या घराघरांतून दिसते.

मरणानंतरची व्यवस्था मृत्युपत्राने होते. ह्या मधल्या काळाची व्यवस्था कशाने होते? बहुतेक लोक उत्तर देतात, "मुलाच्या नावाने मुखत्यारपत्र करून ठेवले आहे." हे उत्तर पुरे नाही, आणि ते का पुरे नाही हेच आजच्या पाठात मुख्यतः पाहावयाचे आहे.

१. मुखत्यारपत्र म्हणजे काय?

अब्राहाम वृद्ध झाला तेव्हा त्याने आपल्या सर्व मालमत्तेवर देखरेख करणाऱ्या जुन्या सेवकाला मुलासाठी वधू आणावयास पाठविले. हा अध्याय नीट वाचला तर मुखत्यारीची सारी अंगे त्यात सापडतात. काम कोणते ते स्पष्ट सांगितले आहे. काय करू नये तेही सांगितले आहे: मुलाला परत त्या देशात न्यावयाचे नाही. सेवकाने आधीच विचारले की मुलगी येण्यास तयार झाली नाही तर काय करावे, आणि अब्राहामाने त्यालाही उत्तर दिले. पुढे त्या घरी जेवण वाढले असता आपले काम सांगितल्याशिवाय तो जेवला नाही (२४:३३). धन्याचा माणूस असा असावा.

आपल्या देशात मुखत्यारपत्राचा कायदा १८८२ सालचा आणि मालक-मुखत्यार ह्यांच्या संबंधाचे नियम १८७२ च्या करार कायद्यातले आहेत. एकाच कामापुरते असते ते खास मुखत्यारपत्र आणि पुष्कळ कामांचे असते ते कुलमुखत्यारपत्र. त्यासाठी मुद्रांक लागतो व त्याची रक्कम राज्याराज्यांत निराळी असते. मुखत्याराने मालकाच्या सूचनेप्रमाणे वागावे, मागेल तेव्हा हिशेब द्यावा आणि स्वतःचा फायदा साधू नये, असे कायदाच सांगतो. मुखत्याराला मालकाच्या वतीने मृत्युपत्र करता येत नाही. तसेच केवळ मुखत्यारपत्रावर घर किंवा जमीन "विकत घेतली" म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली अशा व्यवहाराने मालकी मिळत नाही असे स्पष्ट केले आहे.

२. मुखत्यारपत्र कोठे संपते?

करार कायद्याच्या २०१ व्या कलमात मुखत्यारी केव्हा संपते ते सांगितले आहे. मालकाने ती रद्द केली, मुखत्याराने ती सोडली, काम पुरे झाले, मालक दिवाळखोर ठरला, किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला तर ती संपते. हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याच कलमात आणखी एक कारण आहे: दोघांपैकी कोणाचीही बुद्धी ठिकाणावर राहिली नाही तरी मुखत्यारी संपते. मुखत्याराचाच त्या मालमत्तेत हितसंबंध असेल तर कायद्यात अपवाद आहे, पण घरगुती मुखत्यारपत्रे बहुधा त्यात बसत नाहीत.

समजा, बेळगावच्या एका निवृत्त शिक्षिकेने पुण्यास नोकरी करणाऱ्या मुलाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र केले. तीन वर्षे तो आईचे भाडे वसूल करतो, कर भरतो, बँकेचे पाहतो. पुढे आईचा स्मृतिभ्रंश वाढतो आणि ती मुलालाही ओळखीनाशी होते. कुटुंबाला वाटते, आता ह्या कागदाचा खरा उपयोग होईल. प्रत्यक्षात ज्या दिवसासाठी कागद केला असे त्यांना वाटत होते त्याच दिवशी त्याचे बळ गेलेले असते. बँकेला अजून कळलेले नाही म्हणून मुलाचा अधिकार उरत नाही, कारण त्याला स्वतःला आईची स्थिती ठाऊक आहे. हाती असलेल्या मालमत्तेचे रक्षण करण्यासाठी जरूर ती पावले त्याने उचलावी असे कलम २०९ सांगते. परंतु आईच्या नावाने नवे व्यवहार करणे त्याला बंद होते. मुलगा प्रामाणिक असला तरी नियम हाच.

इंग्लंडमध्येही पूर्वी असाच नियम होता. तेथे १९८५ च्या कायद्याने त्यात बदल झाला आणि पुढे २००५ च्या कायद्याखाली १ ऑक्टोबर २००७ पासून टिकाऊ मुखत्यारपत्राची रीत सुरू झाली. ते मालकाची समज गेल्यावरही चालते. त्याचे दोन प्रकार आहेत, एक पैसा व मालमत्तेचा आणि दुसरा आरोग्य व देखभालीचा. दुसरा प्रकार मालकाची समज गेल्यावरच वापरता येतो. मालकाला कागदाचा अर्थ समजला आहे व त्याच्यावर कोणी दडपण आणलेले नाही, असा दाखला एका तिऱ्हाईत व्यक्तीने द्यावा लागतो. तसेच वापरण्यापूर्वी सरकारी पालकाच्या कचेरीत त्याची नोंदणी व्हावी लागते.

आपल्यापैकी काहींची मुले त्या देशात स्थायिक आहेत व आईवडील त्यांच्याकडे जाऊन येऊन असतात. त्यांनी हे समजून घ्यावे की तो कागद तेथील मालमत्तेसाठी व तेथील इस्पितळासाठी आहे. येथील घरासाठी व खात्यासाठी येथीलच कायदा पाहावा लागतो, आणि येथे तशा टिकाऊ मुखत्यारपत्राचा सर्वसाधारण कायदा नाही.

मग समज गेलेल्या प्रौढाच्या मालमत्तेची व्यवस्था कोण पाहणार? १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात न्यायालयाकडून व्यवस्थापक नेमून घेण्याची तरतूद होती. त्याच्या जागी आलेल्या २०१७ च्या कायद्यात ती राहिली नाही. त्यामुळे बेशुद्ध किंवा समज हरपलेल्या मनुष्याच्या पत्नीला अथवा मुलांना राज्यघटनेच्या २२६ व्या कलमाखाली उच्च न्यायालयाकडे पालक नेमण्यासाठी जावे लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली ह्यासाठी मार्गदर्शक नियम घालून दिले. ही वाट खुली आहे, पण तिला वेळ व पैसा लागतो, आणि इस्पितळाचे बिल तर रोजच्या रोज येत असते.

३. आपल्याकडे काय करता येते?

(क) बँकेतील खाते. पतिपत्नीचे किंवा आई व मुलीचे संयुक्त खाते "दोघांपैकी कोणीही अथवा मागे राहील तो" ह्या अटीवर असेल तर एकाच्या सहीने पैसे काढता येतात. घरखर्च व औषधपाणी ह्यांसाठी हा सर्वांत सोपा उपाय होय. मात्र दुसरे नाव घालताना माणूस पारखून घ्यावा, कारण त्यालाही सर्व पैसे काढता येतात. वारस म्हणून नाव नोंदविणे ही निराळी गोष्ट आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार जणांपर्यंत नावे नोंदविता येतात, परंतु खातेदार जिवंत असेपर्यंत नोंदविलेल्या व्यक्तीला एक पैसाही काढता येत नाही.

(ख) शरीर दुबळे, पण समज शाबूत. सही करता येत नसली तरी अंगठा उमटविता येतो. पैसे काढण्यासाठी अंगठा देताना दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांतील एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांनी ही सोय मागून घ्यावी.

(ग) विश्वस्त निधी. घर किंवा ठेव मोठी असेल, अथवा मागे एखादे अपंग मूल असेल, तर १८८२ च्या विश्वस्त कायद्याप्रमाणे खासगी न्यास करता येतो. मालमत्ता न्यासाची झाली म्हणजे करून देणाऱ्याची समज गेली तरी कारभार थांबत नाही. ह्यासाठी वकिलाची मदत घ्यावीच लागते.

(घ) मृत्युपत्र. हे मधल्या काळात उपयोगी पडत नाही, पण तेही सुबुद्ध असतानाच करावे लागते. आपणा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. त्याप्रमाणे दोन साक्षीदार हवेत. मुद्रांक लागत नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे. दोन नियम मात्र पुष्कळांना माहीत नसतात. पहिला असा की साक्षीदाराला किंवा त्याच्या पतीला अथवा पत्नीला मृत्युपत्रात काही दिले असेल तर ते देणे रद्द ठरते, म्हणून ज्याला काही द्यावयाचे आहे त्याची साक्ष घेऊ नये. दुसरा असा की मृत्युपत्र केल्यानंतर करणाऱ्याचा विवाह झाला तर ते मृत्युपत्र रद्द होते. पुनर्विवाह करणाऱ्या विधुर व विधवांनी हे विसरू नये. गोव्यात वारसाहक्काचा कायदा स्वतंत्र असून मुले असताना सर्व मालमत्ता मनास येईल तशी देता येत नाही. तेथील वाचकांनी तेथेच सल्ला घ्यावा.

(ङ) मानसिक आजारातील प्रतिनिधी. २०१७ च्या कायद्याप्रमाणे मानसिक आजाराच्या उपचारांत आपल्या वतीने कोणी बोलावे त्याचे नाव साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून ठेवता येते. हा अधिकार उपचारांपुरता आहे. पैशाचा व्यवहार त्यात येत नाही.

४. उपचारांविषयी आपली इच्छा

याकोबाचा अंतकाळ जवळ आला तेव्हा त्याने योसेफाला बोलावून शपथ घ्यावयास लावली की मला मिसर देशात पुरू नको (उत्पत्ती ४७). नंतर तीच गोष्ट त्याने सर्व मुलांना सांगितली (उत्पत्ती ४९). त्यामुळे बाप गेल्यावर भावाभावांत त्याविषयी वाद झाला नाही. आपली इच्छा आधी एका विश्वासू मुलाला आणि मग सर्वांना सांगावी, हा कित्ता आपणही गिरवावा.

मुंबईच्या केईएम इस्पितळातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत त्याच इस्पितळात शुद्ध हरपलेल्या स्थितीत होत्या आणि तेथील परिचारिकांनी ती सारी वर्षे त्यांची सेवा केली. त्यांच्याविषयीचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा एक मोठा प्रश्न असा होता की त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा? २०११ च्या निकालात न्यायालयाने तो मान इस्पितळातील सेवकवर्गाला दिला, आणि त्यांची इच्छा अरुणाबाईंनी जगावे अशीच होती. स्वतः अरुणाबाईंना काय हवे असते हे मात्र कोणीच सांगू शकले नसते.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उपचारांविषयीचा पूर्वनिर्देश कायदेशीर ठरविला. लोक त्याला लिव्हिंग विल म्हणतात. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची रीत सोपी करण्यात आली. ती थोडक्यात अशी: प्रौढ व सुबुद्ध मनुष्याने स्वखुशीने लिहावे की बरे होण्याची आशा नसलेल्या आजारात कोणते उपचार सुरू करू नयेत किंवा थांबवावे. आपल्या वतीने संमती देणाऱ्या एका किंवा अधिक नातेवाइकांची अथवा पालकांची नावे घालावी. दोन साक्षीदारांसमोर सही करावी. साक्षीदार शक्यतो स्वतंत्र असावेत. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो साक्षांकित करावा. प्रती नेमलेल्या व्यक्तींना, घरच्या डॉक्टरांना आणि नगरपालिका, महानगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला द्याव्या. मन बदलले तर तो केव्हाही लेखी रद्द करता येतो.

हा कागद दाखविला की लगेच यंत्र बंद करतात, असे नाही. इस्पितळात उपचार करणारे डॉक्टर व दोन तज्ज्ञ ह्यांचे मंडळ प्रथम पाहते. मग दुसरे मंडळ पाहते, त्यात मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर असतो. त्यानंतर दंडाधिकाऱ्यांना कळवून निर्णय अमलात येतो. औषध देऊन जीव घेणे आपल्या देशात गुन्हाच आहे, आणि ह्या कागदाने ते घडत नाही. मरण लांबविणारे व्यर्थ उपचार नाकारणे ही गोष्ट वेगळी. ज्याला शेवटपर्यंत सर्व उपचार हवे आहेत त्यानेही ते घरच्यांना स्पष्ट सांगावे. आयसीयूच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलीला आयुष्यभर टोचणी लागू नये, हा ह्यातला मोठा लाभ आहे.

५. कागद करताना जपावयाच्या गोष्टी

इसहाकाची दृष्टी मंद झाली होती. आवाज एकाचा आणि हात दुसऱ्याचे, असा संशय त्याला आलाही. पण जेवण पुढे होते, घाई होती, आणि त्याने आशीर्वाद देऊन टाकला. त्यापायी घर फुटले व एक मुलगा वीस वर्षे परागंदा झाला. वृद्धाच्या दुबळेपणाचा फायदा घरचेच माणूस घेऊ शकते, ही गोष्ट पवित्र शास्त्र झाकून ठेवीत नाही.

म्हणून कागद करणाऱ्याला तो त्याच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवावा. ज्याचा फायदा आहे त्याने त्या वेळी खोलीबाहेर थांबावे. गुंगीच्या औषधाखाली असलेल्याची सही घेऊ नये. स्मृतिभ्रंशाची नुकतीच सुरुवात असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. अधूनमधून समज जाते अशा मनुष्यालाही समज असताना करार करता येतो असे करार कायद्याचे १२ वे कलम सांगते, परंतु ती समज त्या दिवशी होती हे पुढे सिद्ध करता आले पाहिजे.

"आम्हांला सांभाळा" एवढ्या तोंडी बोलीवर मुलांना घर बक्षीस देऊ नये. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास न्यायाधिकरणाकडून परत मिळविता येते. ती अट बक्षीसपत्रातच लिहून घ्यावी. आणि मंडळीला देणगी मिळणार असेल तर पंचांनी व पाळकांनी साक्षीदार बाहेरचे घ्यावे, म्हणजे प्रभूच्या कार्यास बोल लागणार नाही.

६. सांगून ठेवावे, जपून ठेवावे

दावीद राजाने शलमोनाविषयी बथशेबेला वचन दिले होते, परंतु ते चारचौघांत जाहीर केले नव्हते. तो अंथरुणाला खिळला आणि अदोनीयाने स्वतःस राजा म्हणविले. दावीदाला त्याची खबरही नव्हती. नाथान संदेष्टा धावून आला म्हणून बरे. आपल्या घरीही एकालाच सांगितलेली गोष्ट इतरांना खोटी वाटते. प्रभूने वधस्तंभावरून आपल्या आईची सोय लावली तेव्हा आईलाही सांगितले आणि शिष्यालाही सांगितले. जबाबदारी घेणाऱ्याला व जिची जबाबदारी घ्यावयाची तिला, दोघांनाही ठाऊक असावे.

यिर्मयाने अनाथोथचे शेत विकत घेतले तेव्हा खत लिहिले, साक्षीदार घेतले, रुपे तोलून दिले. मग एक मोहरबंद व एक उघडी अशा दोन्ही प्रती बारूखाच्या हाती देऊन मातीच्या भांड्यात ठेवविल्या, म्हणजे त्या पुष्कळ दिवस टिकाव्या. शहराला वेढा पडला असताना त्याने हे केले. तेव्हा देवावर भरवसा ठेवणारा मनुष्य कागदपत्रांची हेळसांड करतो असे नाही. आपणही खाती, विमा, घराचे उतारे, कर्जे व औषधे ह्यांची एका वहीत यादी करावी, मूळ कागद एका ठिकाणी ठेवावे आणि ते ठिकाण दोघांना तरी सांगावे.

७. दोन शंका

"उद्याची काळजी करू नका असे प्रभूने सांगितले आहे ना?" होय (मत्तय ६:३४). पण काळजी आणि तजवीज एक नव्हेत. काळजीने झोप उडते, तजवीज करून ठेवली म्हणजे झोप लागते. शिवाय आपण तजवीज केली नाही तर काळजी नाहीशी होत नाही, ती पत्नीच्या व मुलांच्या माथी जाते.

"असे कागद करणे म्हणजे मुलांवर अविश्वास नव्हे काय?" अब्राहामाचा सेवक पुष्कळ वर्षांचा विश्वासू होता, तरी अब्राहामाने त्याच्याकडून शपथ घेतली आणि सेवकाला त्याचे वाईट वाटले नाही. स्पष्ट लिहिलेल्या कागदाने चांगल्या मुलाचेही रक्षण होते. उद्या भावाने हिशेब विचारला तर त्याला तो दाखविता येतो.

वर्गशिक्षकांस सूचना

हा पाठ दोन रविवारांत घ्यावा. पहिल्या रविवारी भाग १ ते ३ व दुसऱ्या रविवारी उरलेले भाग घ्यावे. शक्य तर मंडळीतील एखाद्या वकिलाला व डॉक्टरांना वर्गास बोलवावे. कोणाच्या घरचा चालू वाद वर्गात काढू नये.

चर्चेसाठी प्रश्न

१. अब्राहामाने सेवकाला कोणत्या मर्यादा घातल्या? आपण मुखत्यारपत्रात कोणत्या घालाल?
२. मालकाची समज गेल्यावर आपल्याकडील मुखत्यारपत्राचे काय होते? मग घरखर्चाची सोय आधी कशी करून ठेवता येईल?
३. इसहाकाच्या घरी जे घडले ते टाळण्यासाठी साक्षीदाराने काय पाहावे?
४. शेवटच्या आजारातील आपली इच्छा आपण कोणाला सांगितली आहे? इतरांना ती ठाऊक आहे काय?
५. ज्यांना मूलबाळ नाही अशा वृद्धांसाठी आपल्या मंडळीला काय करता येईल?

ह्या महिन्यात करावयाचे काम: घरातील वडीलधाऱ्यांसोबत एक संध्याकाळ बसून वरील यादीची वही लिहावी. त्यांना घाई करू नये, आणि त्यांचे म्हणणे पुरते ऐकून मगच लिहावे. पूर्वनिर्देश किंवा मृत्युपत्र करावयाचे असेल तर पुढच्या आजारपणाची वाट पाहू नये. त्यासाठी लागणारी सही आज करता येते, उद्या येईलच असे नाही.